वाट आधी ठरवा



या आठवड्यात आपल्या सदराला लोणीहून एक पत्र आले आहे. लोणी नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. हे पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडचे, धामणीजवळचे लोणी. पत्र लिहिणाऱ्या ताईंनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे, ती आम्ही पाळतो. पत्र असे :

"माझ्या सुनेला पाचवा महिना लागला आहे. पहिलटकरीण आहे. मुलगा रांजणगावला कंपनीत कंत्राटावर आहे, सुट्टी मिळेल तसा येतो. सून माझ्याबरोबर कांद्याच्या रोजंदारीवर येते. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, पण खाल्ल्या की मळमळते. शेजारच्या बाया म्हणतात, गोळ्या खाऊ नको, बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल. मला भीती वेगळीच वाटते. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझी धाकटी जाऊ घरीच बाळंत झाली. मुलगी झाली, रडली, आम्ही म्हणालो, सुटली बाई. मग तिचे रक्त थांबेना. आधी वाटले, असेच जात असेल. मग म्हाताऱ्या माणसांना विचारले. मग गाडी शोधली. गाडी मिळाली तेव्हा रात्र झाली होती. ती वाटेतच गेली. तिची मुलगी मी वाढवली, यंदा तिचे लग्न ठरले आहे. आता सुनेची वेळ जवळ आली तसे माझे हातपाय गळतात. मी काय करावे?"

ताई, तुमचे पत्र आम्ही दोनदा वाचले. तुम्ही जे लिहिले आहे ते आपल्या कितीतरी घरांत घडले आहे, पण फार थोड्या घरांत त्याविषयी बोलले जाते. म्हणून आजचे सगळे सदर तुमच्या पत्रालाच देत आहोत.

वर्षावासात आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्यात सिद्धार्थाच्या जन्माचा भाग आला की सारे आनंदाने ऐकतात. महामाया गरोदर होती, दिवस भरत आले होते. बाळंतपणासाठी माहेरी, देवदहला जावे असे तिला वाटले. राजाने पालखी दिली, लवाजमा दिला. पण वाटेतच, लुंबिनी वनात, शालवृक्षाखाली तिला कळा आल्या आणि तिथेच बाळाचा जन्म झाला. इथपर्यंत आपल्याला पाठ असते. त्याच्या पुढचे मात्र आपण भराभर वाचून टाकतो. बाळ अवघे सात दिवसांचे असताना महामाया वारली. पुढे मावशीने, महाप्रजापती गौतमीने, त्या बाळाला आपल्या पोटच्या पोरासारखे वाढविले.

भगिनींनो, ती राणी होती. घरात धान्य होते, दासी होत्या, वाहन होते. तरी बाळंतपण वाटेत झाले आणि आठवड्याच्या आत आई गेली. त्या काळी यापुढे माणसाच्या हातात फारसे काही नव्हते. आज आहे. तुमच्या जावेच्या वेळीही होते, पण ते तिच्यापर्यंत पोहोचले नाही. महामायेच्या कथेतून आपण आज दोनच गोष्टी घेऊ. एक, बाळंतपणाची वाट आधी ठरवावी लागते. दोन, मूल झाले म्हणजे बाई सुटली असे नाही. खरी जपणूक त्यानंतरच्या आठवड्यात असते.

आणि ताई, जावेची लेक पदराखाली घेऊन तुम्ही जे केले, ते महाप्रजापतीचेच काम आहे. एवढे मनाशी धरा आणि पुढचे वाचा.

नाव लवकर नोंदवा

पाळी चुकली की बारा आठवड्यांच्या आत आशाताईकडे किंवा उपकेंद्रावरच्या नर्सताईंकडे नाव नोंदवावे. काही बाया चौथा-पाचवा महिना लागेपर्यंत लपवितात, दृष्ट लागेल म्हणतात. दृष्ट लागत नाही. उशीर मात्र लागतो. नोंदणी झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. ते कार्ड पेटीच्या तळाशी नको, हाताशी असावे.

गरोदरपणात निदान चार तपासण्या व्हायलाच हव्यात : पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी चौथ्या ते सहाव्या महिन्यात, तिसरी सातव्या-आठव्या महिन्यात आणि चौथी नवव्यात. प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, रक्त, लघवी आणि पोटावरून बाळाची वाढ पाहिली गेली पाहिजे. नुसते "सगळे ठीक आहे" ऐकून परत येऊ नका. "माझा बीपी किती? माझे रक्त किती?" असे विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. विचारणे हा उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे. रक्तगट, साखर, एचआयव्ही आणि गुप्तरोग यांची तपासणीही सरकारी दवाखान्यात मोफत होते. धनुर्वाताच्या लसीची दोन इंजेक्शने महिन्याच्या अंतराने घ्यायची असतात.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. सूनबाईला एखादा खाडा पडला तरी चालेल, पण ९ तारीख चुकवू नका. सोनोग्राफी सांगितली तर ती जरूर करावी, बाळाची वाढ समजते. मुलगा की मुलगी हे मात्र विचारू नये. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी धम्माच्या घरात तो प्रश्न शोभला नसता.

रक्त असेल तर बळ असेल

आता गोळ्यांचे. ताई, गोळ्यांनी बाळ मोठे होऊन अडत नाही. त्या गोळ्या आईच्या अंगात रक्त तयार करतात. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ निम्म्या. आपल्याकडे भीती मोठ्या बाळाची नाही, अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची आहे. आणि दुसरी भीती तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. बाळंतपणात प्रत्येकीचे रक्त जाते. जिच्या अंगात मुळात रक्त आहे ती ते सोसते. जिच्या अंगातच नाही, तिला थोडे गेले तरी ते जिवावर बेततात.

गरोदर बाईचे हिमोग्लोबिन अकरा किंवा त्याहून जास्त असावे. सातच्या खाली गेले तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नये, रुग्णालयातच जावे. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा निदान १८० गोळ्या, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतील. मळमळ होते म्हणून गोळी सोडू नका, वेळ बदला. रात्री जेवण झाल्यावर, निजण्याआधी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहाबरोबर कधीही घेऊ नये, चहा लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेऊ नये, ती जेवणाबरोबर दुसऱ्या वेळी. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. माती, राख, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटत असेल तर ते डोहाळे समजून हसण्यावारी नेऊ नका, ती रक्त कमी असल्याची खूण असू शकते.

खाण्यासाठी महाग काही लागत नाही. बाजरीची भाकरी, हरभऱ्याची नाहीतर मेथीची भाजी, शेवग्याचा पाला, मोड आलेली मटकी, हुलग्याची शेंगोळी, शेंगदाणे नि गूळ, अंडे, सुकट, जमेल तेव्हा मटण-मासे. अंगणवाडीतून गरोदर मातेला मिळणारा आहार तिच्यासाठीच आहे, तो सगळ्या घरात वाटून टाकू नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचे : आपल्या घरांत सून शेवटी जेवते, आणि शेवटी भांड्यात जे उरेल ते जेवते. ताई, हे बदलणे फक्त सासूच्या हातात आहे. निदान हे नऊ महिने तिचे ताट पहिल्या पंगतीला वाढा. बाळ मोठे होईल म्हणून तिला कमी खाऊ घालणे ही तर मोठीच चूक आहे.

काम आणि मिश्री

रोजंदारी बुडवा असे आम्ही म्हणणार नाही. ते म्हणणे सोपे आहे, पण पोट कामावर चालते. तरी काही कामे टाळावीत. भरलेली गोणी आणि पाण्याचे दोन-दोन हंडे तिने उचलू नयेत. औषध फवारणीच्या रानात तिने जाऊ नये, फवारणीचे कपडे तिच्याकडे धुवायला देऊ नयेत. सतत वाकून करायच्या कामात मध्येमध्ये उठावे, सावलीत बसावे, पाणी प्यावे. दुपारी तासभर आणि रात्री आठ तास अंग टेकावे, शक्य तर डाव्या कुशीवर. आठव्या महिन्यानंतर कांद्याचे रान सोडलेलेच बरे.

आणखी एक गोष्ट, जी आपण बाया एकमेकींत बोलतो पण डॉक्टरांना सांगत नाही. मिश्री. सकाळी लावल्याशिवाय चैन पडत नाही, पोट साफ होत नाही, असे म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती आईच्या हिरड्यांतून रक्तात आणि रक्तातून बाळापर्यंत जाते. बाळाचे वजन कमी भरते, दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. सूनबाई लावत असेल तर आजच सोडायला सांगा. आणि ताई, तुम्ही लावत असाल तर तुम्हीही सोडा, म्हणजे तिला सोडणे सोपे जाईल.

ग्रहणात चिरू नये, शिवू नये, जेवू नये, एका जागी निजून राहावे, ही बंधने आता आपल्या घरात नकोत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या गरोदर सुनेला चंद्राच्या सावलीसाठी उपाशी ठेवायचे, हे कोणत्या हिशेबात बसते?

या खुणा दिसल्या की थांबू नका

पुढच्या खुणा प्रत्येक घरात पाठ असाव्यात. नवऱ्याला, सासऱ्याला, शाळेत जाणाऱ्या नणंदेलाही.

अंगावरून रक्त जाणे, थोडेसे असले तरी.

डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा अंधूक दिसणे, चेहऱ्यावर नि हातांवर एकाएकी सूज येणे. संध्याकाळी पायांवर थोडी सूज येणे सर्रास असते, पण तोंड सुजणे ही रक्तदाबाची खूण आहे. तो १४०/९० किंवा त्यापुढे गेला की डॉक्टरांनी पाहिलेच पाहिजे.

झटके येणे. हे बाहेरचे वारे नव्हे, भगताचे काम नव्हे. वाढलेल्या रक्तदाबाने येणारे हे झटके आहेत, त्यावर रुग्णालयात इंजेक्शन आहे. अंगारा लावण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

ताप येणे, धाप लागणे, पोटात सतत दुखणे.

सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे.

पाणी जाणे, मग कळा असोत वा नसोत. दिवस भरण्याआधी कळा येणे. कळा सुरू होऊन बारा तास झाले तरी बाळंतपण न होणे.

यांतली एक जरी खूण दिसली तरी "सकाळी पाहू" म्हणू नये. आणि घरी कोणी लवकर सुटका व्हावी म्हणून कळांचे इंजेक्शन देऊ लागला तर देऊ देऊ नका. त्याने गर्भाशय फाटू शकते.

वाट आधी ठरवा

ताई, तुमच्या पत्रात तीन वेळा "मग" आला आहे. मग विचारले, मग गाडी शोधली, मग रात्र झाली. बाळंतपणात माता दगावते ती बहुतेक वेळा या "मग"मध्ये. दवाखान्यात न्यायचे हे ठरवायला उशीर, वाहन मिळून पोहोचायला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला उशीर. पहिले दोन उशीर आपल्या हातातले आहेत.

तुमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात शिवनेरी आहे. धामधुमीच्या दिवसांत शहाजीराजांनी गरोदर जिजाऊंना आधीच तिथे ठेवले आणि १६३० साली शिवबांचा जन्म त्या सुरक्षित जागी झाला. आपल्याला किल्ला नको. पण बाळंतपण कुठे होणार हे सातव्या महिन्यातच ठरलेले असावे. ठरवायचे ते असे :

पहिले, ठिकाण. सगळे साधे असेल तर जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र चालते. पण रक्त फार कमी, बीपी वाढलेला, बाळ आडवे किंवा पायाळू, जुळे, आधीचे सिझेरियन, उंची फार कमी, वय अठराच्या आत वा पस्तिशीच्या पुढे, असे काही असेल तर ती जोखमीची माता. तिच्यासाठी मोठे रुग्णालय आधीच ठरवा. तुमच्या बाजूला मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आहे, तालुक्याच्या गावी घोडेगावला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि त्यापुढे लागलेच तर पुण्याचे ससून. कुठे जायचे ते ९ तारखेच्या तपासणीत डॉक्टरांनाच विचारून कार्डावर लिहून घ्या. सूनबाईला घेऊन एकदा ती जागा पाहून या, म्हणजे आयत्या वेळी दरवाजा शोधावा लागणार नाही.

दुसरे, वाहन. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. फोनही फुकट आणि गाडीही फुकट. गरोदर आणि बाळंत मातांसाठी १०२ ही आहे. हे दोन आकडे चुलीच्या भिंतीवर खडूने लिहा. तरी भरवसा एकावर ठेवू नये. वस्तीवर कोणाची जीप, कोणाचा टेम्पो आहे त्याला आठव्या महिन्यातच सांगून ठेवा, दुसऱ्यालाही सांगून ठेवा. फोन उचलला गेला नाही तर तिसरा कोण, हेही ठरवा.

तिसरे, निर्णय. मुलगा रांजणगावला असतो. त्याच्या येण्याची, त्याच्या होकाराची वाट पाहायची नाही. "आई सांगेल तेव्हा निघायचे," असे त्याच्या तोंडून घरात सर्वांसमोर आजच वदवून घ्या. हा सगळ्यांत मोठा उपाय आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही.

चौथे, रक्त. सूनबाईचा रक्तगट माहीत असावा. तो निगेटिव्ह असेल तर डॉक्टर वेगळे इंजेक्शन देतात, म्हणून तो आधीच समजायला हवा. गरज पडली तर रक्त द्यायला कोण येईल त्या दोघा-तिघांची नावे लिहून ठेवा. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे रक्तदान शिबिरे भरतात. विहारातल्या तरुणांनी त्याच वेळी आपल्या वस्तीच्या रक्तगटांची वही करून ठेवली तर बाबासाहेबांना याहून चांगले अभिवादन नाही.

पाचवे, माहेर. पहिले बाळंतपण माहेरी अशी आपली रीत आहे. महामायेचीही तीच होती. सूनबाई माहेरी जाणार असेल तर दिवस भरण्याची वाट पाहू नका. डॉक्टरांना विचारून आठव्या महिन्याच्या आत सावकाश जाऊ द्या, कार्ड बरोबर द्या आणि तिथल्या आशाताईला आधी कळवा.

तुमच्याच तालुक्यात पारगावला भीमाशंकर साखर कारखाना आहे. हंगामात ऊसतोडीला परजिल्ह्यातून आलेल्या बाया कोपीत राहतात, त्यांतही पोटुशी असतात. त्यांना गावची वाट माहीत नसते, आशाताई कोण ते माहीत नसते. त्याही आपल्याच भगिनी आहेत. ९ तारखेला जाताना त्यांतली एखादी बरोबर न्यावी.

मूल झाले, पण अजून सुटका नाही

आता तुमच्या जावेविषयी, कारण तुम्हाला तेच विचारायचे आहे असे वाटते. मूल बाहेर आले, वार पडली, की गर्भाशय आवळून दगडासारखे घट्ट व्हावे लागते. ते सैल राहिले किंवा वारेचा तुकडा आत राहिला तर रक्त वाहत राहते. उपचार मिळाले नाहीत तर दोन तासांतही बाई हाताबाहेर जाते. यात तुमची जाऊ दोषी नव्हती, देवाचा कोप नव्हता, आणि तुमचीही चूक नव्हती. तुम्हाला कोणी हे सांगितलेच नव्हते. दवाखान्यात मूल झाल्याबरोबर आईला एक इंजेक्शन देतात, त्याने गर्भाशय आवळते. तेवढ्यासाठी तरी बाळंतपण दवाखान्यातच व्हावे.

बाळंतपण साधे असले तरी निदान दोन दिवस, म्हणजे ४८ तास, दवाखान्यात राहावे. "गुरे आहेत, घर उघडे आहे" म्हणून सहा तासांत घरी आणू नये. घरी आल्यावर पहिला आठवडा डोळ्यांत तेल घालून पाहावे. तासाभरात घडी पूर्ण भिजत असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील, ताप, थंडी, घाण वास, पोटात कळ, डोके फार दुखणे, झटके, पोटरी सुजून दुखणे, यांतले काही दिसले तर पुन्हा तीच १०८.

बाळंतिणीला पाणी कमी देऊ नका. तिला दूध यायचे आहे, तिला नेहमीपेक्षा जास्त पाणी आणि जास्त जेवण लागते. दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी खोलीत ठेवू नका, तो धूर आईचा नि बाळाचा श्वास कोंडतो. बाळाला तासाभराच्या आत छातीशी धरावे. पहिले पिवळे, चिकट दूध पिळून टाकू नये, ते बाळाचे पहिले संरक्षण आहे. मध, गुळाचे पाणी, गुटी काही चाटवू नये.

पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणून आपल्या जुन्या घरांत पाटावर कागद नि लेखणी ठेवीत. आपण ती रीत सोडली हे चांगले केले. पण कागद ठेवाच. तो कागद म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. पाचव्या दिवशी त्यावर आईचा ताप, बीपी आणि बाळाचे वजन लिहिलेले आहे का, ते पाहा.

हा उपकार नाही, हक्क आहे

बाबासाहेबांच्या घरातही ही दुःखे होती. रमाईंच्या पोटी आलेल्या पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव जगले. १९२६ च्या जुलैत राजरत्न गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देण्यासाठी बाबासाहेब उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमावर ज्याचा नफा होतो त्या मालकानेही त्याचा काही भार उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये त्यांनी खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात दुरुस्ती मांडली. १९६१ साली सर्व देशासाठी कायदा आला आणि २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

कांद्याच्या रानातल्या बाईला ही रजा मिळत नाही, हे खरे आहे, आणि ती लढाई बाकी आहे. पण जे मिळते ते तरी सोडू नये. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, तिथले जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी, सगळे मोफत आहे. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जातीच्या मातेला ग्रामीण भागात दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर तिच्यासाठी ६,००० रुपये आहेत. त्यासाठी आधार, बँकेचे पासबुक आणि कार्ड आत्ताच तयार ठेवा. दाखल्यावर बौद्ध लिहिले आहे म्हणून सवलत नाही असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. १९९० साली अनुसूचित जातींच्या यादीच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला आहे. मुलाच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर त्याच्या पत्नीच्या बाळंतपणाची सोय तिथेही आहे, त्याने पगाराची पावती नीट पाहावी.

२०१८ ते २० या काळात देशात दर एक लाख जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. पूर्वीच्या मानाने हा आकडा पुष्कळ खाली आला आहे, म्हणजे उपाय आहेत आणि ते लागू पडतात. पण त्या ३३ जणींतली प्रत्येक कोणाची तरी जाऊ होती, कोणाची तरी लेक होती.

ताई, तुम्ही विचारले, मी काय करावे? आज संध्याकाळी एवढेच करा. सूनबाईचे कार्ड बाहेर काढा आणि शेवटची तपासणी कधी झाली ते पाहा. चुलीच्या भिंतीवर १०८ लिहा. मुलाला फोन करून तो एक शब्द घ्या. रात्री जेवणानंतर गोळी तुम्ही स्वतः हातावर द्या. आणि जावेच्या लेकीला, जिचे लग्न ठरले आहे, जवळ बसवून तिच्या आईची गोष्ट सांगा. भीती घालण्यासाठी नव्हे. उद्या तिचीही वेळ येईल, तेव्हा तिच्या घरात "मग" म्हणायची पाळी येऊ नये यासाठी.

सूनबाई सुखरूप मोकळी झाली की आम्हाला पत्र टाका. मुलगा असो वा मुलगी, या सदराच्या वतीने आतापासूनच बाळाला मंगल कामना.

पुढील आठवड्यात : बाळाचे पहिले सहा महिने.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!